स्वभाव की आजार? नैराश्य आणि बायपोलर विकार असलेल्यांच्या व्यक्तिमत्त्वाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या कोणत्याही मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात रुग्णासोबत आलेली आई, भाऊ किंवा बायको आजाराविषयी कमी आणि स्वभावाविषयी जास्त बोलते. ‘लई हळवं लेकरू आहे’, ‘पहिल्यापासूनच तापट’, ‘कुणात मिसळतच नाही’ अशी ती वाक्ये असतात. ही माहिती उपचारासाठी मोलाची असते. पण तिचा अर्थ लावताना घोळ झाला, तर त्या घोळात रुग्णाची उमेदीची वर्षे जातात. पुढील उत्तरे रुग्ण आणि नातेवाईक या दोघांसाठी आहेत. निदान मात्र प्रत्यक्ष तपासणीनंतरच होऊ शकते.

स्वभाव कशाला म्हणायचे आणि आजार कशाला?

विचार करण्याची, भावना अनुभवण्याची आणि माणसांशी वागण्याची जी रीत तरुणपणापासून बऱ्यापैकी टिकून असते आणि घरी, रानात, बाजारात, पाहुण्यांत थोड्याफार फरकाने सारखीच दिसते, ती स्वभाव. आजाराला बहुधा सुरुवात असते, आणि खोदून विचारले तर ती सापडते: ‘दिवाळीपासून’, ‘बाळंतपणानंतर’, ‘बारावीच्या निकालापासून’. नैराश्याच्या निदानासाठी किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ उदासी राहणे किंवा कशातच रस न वाटणे आवश्यक असते, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा, मरणाचे विचार यांसंबंधीच्या तक्रारी असतात. बायपोलर विकारात अशा उदास काळाखेरीज मॅनियाचे, म्हणजे झोपेविना ताजेतवाने वाटणे, भरभर बोलणे, पैसे उडवणे अशा उन्मादाचे, किंवा त्याच्या सौम्य रूपाचे, हायपोमॅनियाचे, झटके येतात. मॅनियासाठी किमान एक आठवडा आणि हायपोमॅनियासाठी किमान चार दिवस ही कालमर्यादा धरतात. मॅनियामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले, तर एका आठवड्याची अट राहत नाही.

‘तो पहिल्यापासून असाच आहे’ असे घरचे म्हणतात. मग हा आजार कशावरून?

या वाक्याची शहानिशा केल्याशिवाय ते मान्य करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बायपोलर विकार बऱ्याचदा पंधरा ते पंचवीस या वयात सुरू होतो आणि नैराश्यही त्या वयात सुरू होऊ शकते. म्हणजे ज्या वयात मुलाचा स्वभाव घरच्यांच्या नजरेत पक्का होत असतो, त्याच वयात आजार शिरकाव करतो. सतराव्या वर्षी सुरू झालेले नैराश्य उपचाराविना आठ-दहा वर्षे कमीजास्त होत राहिले, तर पंचविशीतल्या त्या तरुणाला सगळे गाव ‘घुम्या’ म्हणूनच ओळखते. शिवाय दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ टिकणारे, फार तीव्र नसलेले नैराश्यही असते. असा माणूस कामाला जातो, लग्नकार्यात दिसतो, फक्त कधी मनापासून हसत नाही. त्याला आजारी कोण म्हणणार?

जालना जिल्ह्यातल्या एखाद्या मोसंबीच्या बागायतदाराचे उदाहरण घेऊ. रोज सोबत असलेली बायको आणि मुले सांगतात की ते कमीच बोलतात, त्यांना कुणाचे येणेजाणे आवडत नाही. भाऊबीजेला माहेरी आलेली बहीण मात्र वेगळेच सांगते: हाच भाऊ आठवडी बाजारातून येताना चार माणसे जेवायला घेऊन यायचा, भजनात पुढे बसायचा. रोज पाहणाऱ्याला हळूहळू झालेला बदल जाणवत नाही, वर्षाकाठी येणाऱ्याला तो चटकन दिसतो. म्हणून अशी बहीण, शाळेतला मित्र किंवा जुने शिक्षक यांच्याकडे चौकशी करावी. स्वतः रुग्णाचे म्हणणेही त्या काळापुरते जपून घ्यावे लागते, कारण नैराश्यात माणसाला भूतकाळही काळाच दिसतो आणि ‘मी कधीच सुखी नव्हतो’ असे तो अगदी प्रामाणिकपणे सांगतो.

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपल्याकडे सर्रास वापरली जाते आणि या बाबतीत तिने फार नुकसान केले आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य व चिंताविकार यांसारख्या सामान्य मानसिक विकारांच्या १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांना, तर बायपोलर विकाराच्या १०० पैकी सुमारे ७० जणांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. त्या सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपल्याकडचे चित्र फार वेगळे असेल असे मानायला जागा नाही.

नैराश्य येणाऱ्या माणसांचा काही ठरावीक स्वभाव असतो का?

एकच साचा नसतो. हसतमुख, मनमिळाऊ, कर्त्या माणसालाही नैराश्य येते. तरीही काही कल वारंवार आढळले आहेत.

त्यांपैकी सर्वांत भक्कम पुरावा ज्याला न्यूरॉटिसिझम म्हणतात त्या गुणाविषयी आहे. छोट्या गोष्टीने मन पटकन विचलित होणे, काळजी, अपराधीपणा आणि चिडचिड यांकडे झुकणे, आणि एकदा विचलित झालेले मन लवकर ताळ्यावर न येणे, असा हा गुण आहे. ज्यांच्यात तो अधिक असतो, त्यांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता अधिक असते, हे निरोगी माणसांचा अनेक वर्षे पाठपुरावा करून दिसून आले आहे. मात्र शक्यता अधिक असणे म्हणजे आजार ठरलेला असणे नव्हे. भारी काळ्या रानात पाणी साचते आणि मुरमाड रानात त्याचा निचरा होतो, पाऊस मात्र दोन्हीकडे सारखाच पडलेला असतो. कर्ज, नापिकी, घरातला मृत्यू अशा आघातांचे वेगवेगळ्या मनांवर होणारे परिणाम याच प्रकारचे असतात.

दुसरा कल अतिकाटेकोरपणाचा. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ ह्यूबर्टस टेलेनबाख यांनी १९६१ मध्ये अशा व्यक्तिमत्त्वाचे वर्णन केले: नीटनेटके, कर्तव्याला जागणारे, दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून स्वतः झिजणारे, आणि ठरलेली घडी विस्कटली की कोसळणारे. हे वर्णन प्रत्येक रुग्णाला लागू पडत नाही, परंतु सगळे घर एकहाती ओढणारी थोरली सून किंवा लातूरला शिकवणीसाठी खोली करून राहिलेला, नव्वद टक्क्यांच्या खाली स्वतःला नापास समजणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणला, तर त्यातले तथ्य पटते. अशा मुलाला ‘अजून मेहनत कर’ हा सल्ला घातक ठरतो. मेहनत तो करतोच आहे. एका चुकीवरून तो स्वतःची सगळी किंमत ठरवतो, तेथे त्याला मदत हवी असते.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आरोन बेक यांनी आणखी एक भेद मांडला. काही माणसांचा जीव नात्यांत गुंतलेला असतो, त्यांना ताटातूट आणि नकार मोडून टाकतात. काहींचा जीव स्वतःच्या कर्तृत्वात असतो, त्यांना अपयश मोडून टाकते. तोच तो विचार मनात घोळवत बसण्याची सवयही महत्त्वाची आहे: ‘माझ्याच वाट्याला का’, ‘मी तेव्हा तसे का बोललो’. असे घोळवणे प्रश्न सोडवल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात त्याने नैराश्य लांबते.

बायपोलर विकार असलेल्यांचा स्वभाव कसा असतो?

भावना पटकन हेलकावण्याचा गुण येथेही सरासरीपेक्षा अधिक आढळतो. मात्र नैराश्याच्या रुग्णांत मिसळण्याची आवड बरीच कमी दिसते, तशी ती बायपोलर विकारात सहसा दिसत नाही. नवे अनुभव, नव्या कल्पना यांची ओढ तर काही अभ्यासांत थोडी अधिकच दिसली आहे. हे गटांच्या सरासरीतले फरक आहेत. त्यावरून समोर बसलेल्या एका माणसाचे निदान करता येत नाही.

जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच चार मूळ प्रकृती वर्णिल्या होत्या: उदास, उत्साही, चिडखोर आणि सतत चढउतार होणारी. झटके नसतानाही या रुग्णांत आणि त्यांच्या काही नातेवाइकांत अशी प्रकृती सौम्य रूपात दिसते, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ हागोप अकिस्काल यांनी त्यात चिंताळू प्रकृतीची भर घालून प्रश्नावली तयार केली. त्यांनी व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ५५९ नैराश्यग्रस्तांच्या ११ वर्षांच्या पाठपुराव्यात असे आढळले, की ज्यांचे मन मुळातच वरखाली होत असे, त्यांच्यात पुढे हायपोमॅनिया येण्याची शक्यता जास्त होती. म्हणूनच नैराश्यासाठी आलेल्या रुग्णालाही डॉक्टर मूळ स्वभाव, आणि कधी झोपेविना ताजेतवाने वाटण्याचे दिवस आले होते का, हे विचारतात. हा प्रश्न टाळू नये. बायपोलर विकारात नुसती नैराश्याची गोळी दिल्याने काही रुग्णांत मॅनिया उसळू शकतो.

आणखी एक वैशिष्ट्य घरच्यांना विचित्र वाटते. या माणसांना यश अधिक चढते. ग्रामपंचायतीची निवडणूक जिंकली, बोअरला भरपूर पाणी लागले, मुलीचे लग्न थाटात पार पडले, आणि त्यानंतर मॅनियाची लक्षणे सुरू झाली, असे घडते. ध्येय गाठल्याच्या घटनेनंतर अशी लक्षणे वाढतात, याला अभ्यासांचा दुजोरा आहे. दुःखाच्या वेळी आपण माणसावर लक्ष ठेवतो, तसे या रुग्णांवर आनंदाच्या वेळीही ठेवावे.

मग हे लोक नेहमी आनंदी आणि उत्साही असतात का?

नाही. अमेरिकेत सुमारे १३ वर्षे आठवड्यागणिक नोंदी ठेवून केलेल्या पाठपुराव्यात, पहिल्या प्रकारच्या (मॅनिया येणाऱ्या) बायपोलर विकाराचे रुग्ण जवळपास एकतृतीयांश आठवडे आणि दुसऱ्या प्रकारचे (फक्त हायपोमॅनिया येणारे) रुग्ण जवळपास निम्मे आठवडे नैराश्याच्या लक्षणांखाली होते. उन्माद गावाला दिसतो. उदासीचे महिने फक्त घराला माहीत असतात.

आजारात दिसणारा स्वभाव हाच खरा स्वभाव, असे समजावे का?

समजू नये. नैराश्याच्या काळात व्यक्तिमत्त्वाची चाचणी घेतली, तर माणूस जास्त घाबरट, जास्त एकलकोंडा आणि कमी जबाबदार ठरतो. बरा झाल्यावर तेच गुणांक बऱ्याच प्रमाणात पूर्वपदावर येतात. थोडा फरक उरू शकतो, आणि तो आधीपासूनचा की आजाराने मागे ठेवलेला, हे सांगणे अनेकदा कठीण जाते. व्यवहारात एवढे पाळावे: झटका ओसरेपर्यंत कोणाच्याही स्वभावावर शिक्का मारू नये. ‘आळशी’, ‘कामचुकार’, ‘बायकोच्या जिवावर बसून खाणारा’ हे शब्द आजारी माणसाच्या कानांवर रोज पडतात, आणि बरे झाल्यावरही ते त्याच्या मनातून जात नाहीत.

मॅनियात त्याने जमिनीचा इसार घेतला आणि पैसे उडवले. तो उधळ्याच आहे ना?

हा प्रश्न विचारणाऱ्या बायकांच्या आवाजात राग आणि लाज दोन्ही असतात, आणि दोन्ही रास्त आहेत. पण इतर वर्षांचा हिशेब पाहावा. जो माणूस दहा वर्षे खताच्या पिशवीची पावती जपून ठेवतो आणि एकदाच, तीन आठवड्यांच्या काळात, रात्रभर जागून, भरभर बोलत, अनोळखी माणसाकडून इसार घेऊन येतो, नवा ट्रॅक्टर सांगून येतो आणि गावजेवण घालतो, त्याला उधळ्या म्हणता येणार नाही. उधळेपणा बारमाही असतो. हा आजाराचा काळ होता. झालेले नुकसान त्यामुळे खोटे ठरत नाही आणि ते भरून काढण्यात बरा झालेला माणूस सहभागी होऊ शकतो, तो व्हावाही. ठीक असलेल्या काळातच त्याच्या संमतीने काही गोष्टी ठरवून ठेवाव्यात: मोठा व्यवहार दोन माणसांच्या संमतीशिवाय होणार नाही, बँकेचे कार्ड आणि सातबाऱ्याची कागदपत्रे कोणाकडे राहतील, झोप सलग दोन रात्री कमी झाली तर डॉक्टरांना फोन कोण करील.

बायपोलर आणि बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार यांत फरक काय?

दोन्हींत भावना टोकाच्या असतात, म्हणून गल्लत होते. बॉर्डरलाइनमध्ये मनःस्थिती तासातासाला बदलते आणि बदलाचे निमित्त बहुधा नात्यातले असते. फोन उचलला नाही, कोणी रागावून बोलले. एकटे टाकले जाण्याची तीव्र भीती, आपण कोण आहोत याविषयीचा गोंधळ आणि स्वतःला इजा करून घेणे ही लक्षणे कुमारवयापासून सलग चालत आलेली असतात. बायपोलरचा झटका दिवस-आठवडे टिकतो, त्यात झोपेची गरजच कमी होते, आणि मधल्या काळात माणूस बराचसा पूर्ववत असतो. काही जणांना दोन्ही असू शकतात. हा निवाडा एका भेटीत होत नाही, त्यासाठी डॉक्टरांना वेळ द्यावा.

ते रडत नाहीत, फक्त चिडतात. हे नैराश्य असू शकते का?

होय. पुरुषांत आणि किशोरवयीन मुलांत नैराश्य अनेकदा चिडचिड, अंगदुखी, भांडण किंवा वाढलेली दारू यांच्या आड असते. तापटपणा नवा आहे की जुना, एवढे आधी ठरवावे.

अशी माणसे जास्त हुशार किंवा कलावंत असतात का?

अंशतः. स्वीडनमधील सुमारे तीन लाख रुग्णांच्या नोंदींवरून असे दिसले, की सर्जनशील व्यवसायांत बायपोलर विकार असलेल्यांचे आणि विशेष म्हणजे त्यांच्या निरोगी भावंडांचेही प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त होते; निव्वळ नैराश्य असलेल्यांबाबत तसे आढळले नाही. याचा अर्थ प्रतिभा आजारातून येते असा होत नाही. निरोगी भावंडांतही ती आहे, यावरून तर तिचे मूळ आजाराच्या पलीकडे असावे असे वाटते.

गोळ्यांनी स्वभाव बदलतो का? आमचा माणूस ‘सुस्त’ होईल का?

औषधांनी मूळ स्वभाव पुसला जात नाही. नैराश्याची औषधे काळजी आणि हळवेपणा काही प्रमाणात कमी करतात, हे खरे. बहुतेकांना तो दिलासा वाटतो, काहींना भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात. बोथटपणा, झोप, वजन यांविषयी डॉक्टरांना सांगावे, मात्रा किंवा औषध बदलता येते. लिथियम या बायपोलर विकारावरील औषधाबद्दल कलावंतांची भीती जुनी आहे. मोगेन्स शोऊ या डॅनिश डॉक्टरांनी लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांना विचारले (१९७९), तेव्हा १२ जणांनी काम वाढल्याचे, ६ जणांनी काही फरक न पडल्याचे आणि ६ जणांनी काम कमी झाल्याचे सांगितले. औषध परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे आहे, विशेषतः लिथियम अचानक बंद केल्यास झटका लवकर उलटतो.

लिथियम घेणाऱ्यांसाठी एक सूचना आपल्या हवामानामुळे द्यावीच लागते. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत काम करताना घाम जाऊन पाणी कमी पडले, किंवा निर्जळी उपवास केला, तर लिथियमचे रक्तातील प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. मेडिकलवरून आणलेली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी अंगदुखीची गोळीही ते वाढवते. हात जास्त थरथरणे, उलट्या-जुलाब, तोल जाणे, जीभ जड होणे अशी लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

हे आनुवंशिक आहे का?

बायपोलर विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, जुळ्यांच्या अभ्यासांत तो ६० ते ८५ टक्क्यांपर्यंत येतो. नैराश्यात तो ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास आहे. तरीही बायपोलर असलेल्या व्यक्तीच्या बहुसंख्य मुलांना बायपोलर होत नाही.

लग्न करून दिल्यावर स्वभाव सुधारेल का?

लग्न हा उपचार नव्हे. नवे घर, नवी माणसे, जागरणे यांचा ताण उलट वाढतो, आणि बायपोलर विकार असलेल्या स्त्रीला बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत झटका उलटण्याचा धोका फार असतो. आजार लपवून जमवलेल्या लग्नात मुलगी गोळ्या चोरून घेते, मग सोडते, मग आजारी पडते, आणि सासरचे तिच्या स्वभावालाच नावे ठेवतात. प्रकृती स्थिर असताना, आधी सांगून केलेले लग्न नीट टिकू शकते.

भानामती किंवा ‘बाहेरचे’ असेल तर?

देवाला नवस करण्यास, देवळात किंवा दर्ग्यात जाण्यास कोणाची ना नाही. परंतु मारझोड, साखळीने बांधणे, उपाशी ठेवणे हा छळ आहे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा राज्याच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. गोळ्या चालू ठेवाव्यात.

स्वभावातला आजाराला पोषक भाग बदलता येतो का?

बराच बदलता येतो. ‘मला जमणारच नाही’ यासारखे विचार तपासायला शिकवणारी बोधात्मक वर्तन उपचारपद्धती, मन लागत नसतानाही ठरलेले छोटे काम करायला लावणारी पद्धत आणि बायपोलरमध्ये झोप, जेवण, काम यांच्या वेळा बांधून देणारी पद्धत, या सर्वांचा उपयोग सिद्ध झाला आहे. झोपेचे महत्त्व आमच्या भागात वेगळे सांगावे लागते. शेतीपंपाची वीज रात्रपाळीत आली, की पिकाला पाणी द्यायला रात्रभर जागावे लागते. सप्ताहातली, जागरण-गोंधळातली रात्र वेगळीच. बायपोलर असलेल्या माणसाला एवढे जागरणही झटक्यात ढकलू शकते. रात्रीचे पाणी भावाने किंवा सालगड्याने द्यावे, ही तडजोड घराने करावी.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न याहून अवघड आहे. मुकादमाकडून उचल घेतली की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बीडहून निघालेले कुटुंब मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही आणि उपचार मधेच तुटतो. निघण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगून जास्त दिवसांच्या गोळ्या आणि चिठ्ठी सोबत घ्यावी. कारखान्याजवळच्या सरकारी रुग्णालयात ती चिठ्ठी दाखवता येते.

कोठे दाखवावे आणि पहिल्या भेटीत काय सांगावे?

राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. तथापि छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांच्यामार्फत उपचार मिळतात. टेलिमानस ही फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी मोफत सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, उपलब्ध आहे. मरणाची भाषा ऐकू आली तर ‘स्वभावच तसा, बोलतो नुसता’ म्हणून सोडू नये. माणसाला एकटे ठेवू नये, फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने रुग्णालय टाळण्याचे कारण नाही.

भेटीला जाताना रुग्णाला आजारापूर्वी ओळखणारा एक माणूस सोबत न्यावा. सांगायच्या गोष्टी अशा: दहावी-बारावीच्या वयात तो कसा होता, मित्र किती होते, पहिला बदल कोणत्या सणाच्या किंवा हंगामाच्या सुमारास दिसला, कमी झोपूनही भरपूर काम केल्याचे दिवस कधी आले होते का, घराण्यात कोणाला असा त्रास किंवा आत्महत्या झाली होती का, आणि मधल्या चांगल्या काळात तो कसा वागत होता. जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटेही पिशवीत टाकावीत.